खाट आणि खुर्ची

बारामतीच्या एमआयडीसीत महिना सोळा हजार रुपये पगार घेणाऱ्या कामगाराच्या पगाराच्या स्लिपवर ‘ईएसआय’ (कामगार राज्य विमा) या अक्षरांसमोर १२० रुपयांची कपात दिसते. त्याच पगारावर कंपनी स्वतःचे ५२० रुपये भरते. दोन्ही मिळून महिन्याला ६४० आणि वर्षाला ७,६८० रुपये होतात. हा पैसा आजारपणासाठीच बाजूला काढलेला असतो आणि कायद्याप्रमाणे दातांचे उपचारही त्यात बसतात. तरी दाढ ठणकायला लागली की तो कामगार आधी मेडिकलमधून गोळी आणतो, मग लवंग धरतो, आणि सूज डोळ्यापर्यंत चढली की खासगी दवाखान्यात रोख पैसे मोजून दाढ काढून टाकतो. वाचवता आली असती अशी दाढ. पैसे भरलेले असताना उपचार का मिळत नाहीत, याचं उत्तर सरकारी अनास्था या एका शब्दात देऊन मोकळं होता येईल, पण ते अपुरं आहे. माझ्या मते हे उत्तर गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या इतिहासात आहे. आजारपणासाठी पैसे साठवण्याच्या आणि त्यावर करसवलत देण्याच्या आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या योजना रुग्णालयातली खाट डोळ्यांसमोर ठेवून आखल्या गेल्या. दाताला खाट लागत नाही, खुर्ची लागते. त्या खुर्चीची तजवीज कुणी मनापासून केलीच नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांमुळे या विषयात एक वेगळी कल्पना आपल्याकडे ऐकू येते. तिथे २००३ च्या डिसेंबरात कायदा झाला आणि १ जानेवारी २००४ पासून आरोग्य बचत खातं सुरू झालं. ठरावीक प्रकारचा विमा असलेल्या माणसाने या खात्यात भरलेल्या पैशावर कर नाही, त्यावरच्या व्याजावर कर नाही, आणि वैद्यकीय कारणासाठी काढले तर काढतानाही कर नाही. दात भरणं, रूट कॅनॉल, कवळी, तारा लावणं हे सगळं त्यात चालतं. दात पांढरेशुभ्र करून घेणं मात्र चालत नाही, कारण ते सौंदर्यासाठी आहे. तिथल्या पुष्कळ विम्यांत दात वेगळे ठेवलेले असल्यामुळे हे खातं लोकांना फार उपयोगी पडतं. साहजिकच प्रश्न येतो, की असं खातं आपल्याकडे का नसावं? कारखान्यातल्या माणसाला दातांसाठी करमुक्त पैसा साठवू द्यावा, त्याने हव्या त्या डॉक्टरकडे जावं. ही सूचना चांगल्या हेतूने केली जाते, म्हणून तिचा विचारही नीट व्हायला हवा. पण त्याआधी आपल्या करकायद्याने आणि विम्याने दाताकडे आजवर कसं पाहिलं, हे बघितलं पाहिजे.

दंतमंजन हे औषध की प्रसाधन, हा प्रश्न आपल्याकडे दोन प्रकरणांत थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि दोन्हींत सरकारी बाजू नागपूरच्या उत्पादन शुल्क खात्याची होती. पहिलं प्रकरण बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाचं. कंपनी म्हणत होती की हे आयुर्वेदिक औषध आहे, म्हणून त्याला औषधाची करसवलत द्या. १९९५ साली न्यायालयाने ते मानलं नाही. सामान्य माणूस ज्या नजरेने वस्तूकडे पाहतो ती नजर महत्त्वाची, आणि सामान्य माणूस मंजन रोज सकाळी तोंड धुण्यासाठी वापरतो, आजार बरा करायला नाही, असा तो निर्णय होता. २००९ साली तो पुन्हा कायम झाला. दुसरं प्रकरण विकोचं. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली परळमध्ये सुरू केलेल्या या कंपनीची वज्रदंती घराघरांत गेली, आणि तीही औषध की प्रसाधन या वादात वर्षानुवर्षं अडकली. बैद्यनाथच्या पहिल्या निकालानंतर दहाएक वर्षांनी तिच्या बाबतीत मात्र निकाल उलटा लागला: आयुर्वेदिक घटक आणि औषधनिर्मितीचा परवाना पाहून ते औषधच आहे असं ठरलं. दोन मंजनं, त्याच खात्याचे दावे आणि दोन वेगळे निकाल. कायद्याच्या बारकाव्यांत दोन्ही बाजूंना आधार असेलही. पण वकिलांच्या युक्तिवादापलीकडची एक गोष्ट यातून दिसते. दाताची निगा हा आरोग्याचा भाग आहे की अंघोळीसारखी घरगुती सवय, हे आपल्या करव्यवस्थेला कधी ठामपणे ठरवता आलं नाही. ज्या गोष्टीचं स्थान असं अधांतरी राहतं, तिच्यासाठी पैशाची सोय करताना प्रत्येक जण ती दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो.

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात कारखान्याने कामगाराच्या औषधपाण्याची जबाबदारी घेण्याची रीत एमआयडीसीच्या कितीतरी आधीची आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनी ऊस उभा केला, १९३० च्या दशकात साखर कारखाना चालू झाला आणि त्याभोवती वालचंदनगर नावाचं गाव वसलं. घरं, शाळा, बाजार आणि दवाखाना हे सगळं कंपनीचं. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे सहकारी साखर कारखाने आले, तेव्हा कारखान्याचा दवाखाना असतोच, ही समजूत या भागात रुजलेली होती. १९४८ च्या कारखाने कायद्याने तिला किमान रूप दिलं: प्रथमोपचाराची पेटी, आणि पाचशेहून अधिक कामगार असतील तर रुग्णवाहिका कक्ष. या सगळ्याचा रोख अपघातावर होता. मशीनमध्ये सापडलेलं बोट, पायावर पडलेला लोखंडी तुकडा, भाजलेला हात, साथीचा ताप. हे स्वाभाविकच होतं. दाढ दुखली म्हणून मशीन बंद पडत नाही. माणूस गालावर रुमाल बांधून पाळी पूर्ण करतो. दात पाडून घ्यायला आठवडे बाजारात वैदू बसायचा, आणि त्याची गरज पडू नये म्हणून घरात राखुंडी, बाभळीचं किंवा कडुनिंबाचं दातवण होतं. कारखान्याच्या हिशोबात यातलं काहीच नव्हतं.

या पार्श्वभूमीवर कामगार राज्य विम्याचं महत्त्व कळतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याचा अभ्यास सोपवला गेला आणि १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. त्यातून १९ एप्रिल १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. त्याच्या अवघे तीन आठवडे आधी, २९ मार्च १९४८ ला, दंतवैद्यक कायदा झाला होता आणि दंतवैद्यांची नोंदणी त्यात सुरू झाली. दोन्ही कायदे एकाच वसंतात जन्मले, पण त्यांची गाठ नीट बसली नाही. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत विमा योजना सुरू झाली, १९५४ साली ती आपल्याकडे नागपूर आणि मुंबईत आली. तिचं तत्त्व त्या काळाच्या मानाने फार पुढचं होतं, आणि माझ्या मते आजही आहे. पैसे पगाराच्या प्रमाणात द्यायचे आणि उपचार गरजेच्या प्रमाणात घ्यायचे. खाटेची अट नाही, बाहेरून औषध नेलं तरी चालतं, विमाधारकाच्या उपचारखर्चाला कमाल मर्यादा नाही. म्हणूनच दात या योजनेत आपोआप बसले. विमा रुग्णालयांत दंतविभाग निघाले. पण योजना भागाभागाने, जिथे कामगारांची दाटी तिथे आधी, अशी पसरत गेली. मोठी रुग्णालयं गिरण्यांच्या आणि मोठ्या उद्योगांच्या शहरांत उभी राहिली. पुणे जिल्ह्याच्या वाट्याला आलेली जुनी मोठी विमा रुग्णालयं चिंचवडच्या मोहननगरला आणि बिबवेवाडीला आहेत, आणि बारामतीहून तिथे जायचं म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झालं ते उद्योग मुंबई-पुण्याच्या बाहेर नेण्यासाठी. त्या धोरणाचं बारामती हे ठळक उदाहरण. भिगवण रस्त्यालगत नळ्यांचा कारखाना, दुधाची प्रक्रिया, १९९० च्या दशकाच्या अखेरीस पियाजिओची तीनचाकी, मग चॉकलेट आणि टेक्स्टाइल पार्क. टेक्स्टाइल पार्कात तर स्त्रिया मोठ्या संख्येने शिलाईला बसतात. इंदापूर तालुक्यात लोणी देवकरलाही एमआयडीसी झाली. उद्योग तालुक्याच्या गावी आले, कपात पगारातून होऊ लागली, पण दंतविभाग असलेलं रुग्णालय त्यांच्या मागोमाग आलं नाही. आणि ज्या काळात हे कारखाने येत होते, नेमक्या त्याच काळात आरोग्यासाठी पैसे बाजूला काढण्याची दुसरी रीत देशात रुजत होती. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात ‘८० डी’ हे कलम घातलं. हप्ता भरा, करात सूट मिळवा. सुरुवातीला ही सूट ३,००० रुपयांवर होती, २०१५ मध्ये ती २५,००० पर्यंत गेली. या पॉलिसीचा पाया मात्र खाट होता. रुग्णालयात दाखल झालात तर पैसे, आणि दातांचे उपचार, दाखल व्हावं लागलं नसेल तर, वगळलेले. ईएसआयच्या मर्यादेपलीकडे पगार गेलेल्या कामगाराला कंपनी जी सामूहिक पॉलिसी देते, तिचा सांगाडा हाच आहे. म्हणजे २०१७ पासून असलेली २१,००० रुपयांची मर्यादा ओलांडून पगार २२,००० झाला की माणूस ज्या योजनेत दात होते तिच्यातून बाहेर पडतो आणि ज्या योजनेत दात नाहीत तिच्यात जातो. त्याच्या हातात वाढीव हजार रुपये येतात, आणि तोंड उघडं पडतं.

अमेरिकन खात्याच्या सर्वांत जवळ जाणारी एक गोष्ट आपल्याकडे होऊन गेली, आणि नोकरदारांना ती चांगली आठवत असेल. पगाराच्या स्लिपवर ‘मेडिकल १,२५०’ अशी एक ओळ असायची. बारा महिन्यांचे १५,००० रुपये. वर्षअखेरीला तेवढ्या रकमेची बिलं दाखवली की त्यावर कर लागत नसे. खाटेची अट नव्हती. दाताच्या डॉक्टरची पावती, चष्म्याची पावती, मेडिकल स्टोअरची पावती, सगळं चालायचं. दातांवरच्या साध्या खर्चाला प्राप्तिकराने उघडपणे दार उघडलं ते एवढंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑफिसांत बिलं जमा करण्याची सूचना लागायची, आणि मग घरातल्या डब्यांतून, पाकिटांतून विटलेल्या पावत्या निघायच्या. ज्यांच्याकडे नसायच्या ते ओळखीच्या दुकानातून मिळवायचे, हेही खरं. १५,००० ही मर्यादा जवळपास दोन दशकं तिथेच थांबली, उपचार महाग होत गेले, आणि २०१८ च्या अर्थसंकल्पात ही सूट काढून घेऊन प्रवासभत्त्याच्या सुटीसकट तिच्या जागी ४०,००० रुपयांची सरसकट वजावट दिली गेली. हिशोब सोपा झाला, खोट्या बिलांचा त्रास संपला. पण आरोग्यासाठी म्हणून वेगळे काढलेले पैसे साध्या पगारात मिसळून गेले, आणि त्या पावत्यांच्या निमित्ताने मार्चपूर्वी दात दाखवून घेणाऱ्यांचं निमित्तही गेलं.

मग तीच सूट नव्या रूपात, खात्याच्या आणि कार्डाच्या रूपात आणली तर? खोट्या बिलांचा आक्षेप आता टिकणार नाही, कारण पैसे थेट दवाखान्याला जाऊ शकतात. स्वातंत्र्याचा मुद्दाही खरा आहे. आपला डॉक्टर आपण निवडावा, ही इच्छा कुठल्याही कामगाराची असते. तरीही मला ही वाट या ठिकाणी चुकीची वाटते, आणि कारण साधं गणिताचं आहे. करसवलतीचा लाभ कर भरणाऱ्याला होतो, आणि जितका वरचा दर तितका जास्त. १५,००० च्या सुटीतून तीस टक्क्यांच्या गटातल्या मॅनेजरचे साडेचार हजारांच्या आसपास वाचत होते; त्याच कंपनीतल्या, कराच्या खाली असलेल्या फिटरचे शून्य. आता तर २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, पगारदाराला वजावटीसकट पावणेतेरा लाखांपर्यंत. एमआयडीसीत मशीनवर उभी राहणारी बहुतेक माणसं यात कधीच कर भरणार नाहीत, त्यामुळे त्यांना करमुक्त खातं देणं म्हणजे जो कर नाहीच तो माफ करणं. नव्या प्रणालीत ‘८० डी’ची वजावटही मिळत नाही. शिवाय खातं भरायला महिन्याच्या शेवटी काही उरावं लागतं. पगाराच्या प्रमाणात कपात, मालकाचा मोठा वाटा आणि गरजेप्रमाणे उपचार हे जुनं तत्त्वच इथे लागू पडतं. भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठी पैसे काढण्याची सोय होती, पण तिच्याही जुन्या नियमात महिनाभर रुग्णालयात राहणं, मोठी शस्त्रक्रिया, क्षय, कुष्ठरोग, कर्करोग, हृदयविकार अशी यादी होती. दात तिथेही नव्हते.

दात विम्यात घेण्यावर एक आक्षेप विम्याच्या अभ्यासकांचा असतो. विमा मोठ्या, अचानक येणाऱ्या खर्चासाठी असावा. दाताचा खर्च लहान आणि ठाऊक असलेला, तो ज्याचा त्याने करावा. मोठ्या पगाराला हे लागू आहे. सोळा हजारांत रूट कॅनॉल आणि वर कॅप यांचे काही हजार रुपये हा लहान खर्च नव्हे, म्हणूनच दात भरण्याऐवजी काढला जातो. दाढ काढली की चावणं एका बाजूला जातं, मग भाकरी कुस्करून खायची वेळ चाळिशीतच येते. आणि आपल्या भागात दाताचा प्रश्न दातापाशी थांबत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असली तरी तंबाखू-चुन्याची डबी रात्रपाळीच्या खिशात असतेच. बायकांमध्ये मिशरीची सवय जुनी आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांवर फिरवायची. दात घासण्याच्या नावाखाली तंबाखू दिवसातून दोन-तीनदा तोंडात जाते. तोंडात पांढरा चट्टा उठला, तोंड कमी उघडायला लागलं, तर ते पहिल्यांदा दिसतं दंतवैद्याला, त्याच्या खुर्चीवर, दिव्याच्या उजेडात. ती खुर्ची गाठलीच नाही तर पुढची भेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत होते आणि व्हायलाच हवी. पण जबड्याचा भाग काढण्याचे लाखभर रुपये देणारी व्यवस्था, दहा वर्षांपूर्वी तोंडात बघण्याचे शंभर-दोनशे रुपये देत नाही. लहान खर्च माणसावर टाकल्याने मोठा खर्च सगळ्यांवर येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो कामगारच घेतात. ईएसआयची कपात होते, मिळत काही नाही, उगाच रांगा आणि चिठ्ठ्या. त्यापेक्षा पैसे हातात द्या. हा राग खोटा नाही. दातासाठी एका चकरेत भागत नाही. तपासणी, नस काढणं, भरणं, माप, कॅप अशा चार-पाच चकरा होतात आणि प्रत्येक चकरेला खाडा पडला तर उपचार फुकट असूनही महाग होतो. कंत्राटी कामगाराला तर खाडा म्हणजे पुढच्या महिन्यात ठेकेदाराने बोलावणं किंवा न बोलावणं. पण पैसे हातात देण्याने हे सुटत नाही, कारण अडचण अंतराची आणि वेळेची आहे. २०१९ च्या जुलैपासून ईएसआयचा एकूण दर साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आला. कामगाराच्या हाती त्यातला एक टक्का आला, मालकाचा दीड टक्का वाचला. सोळा हजारांच्या पगारावर ही घट महिन्याला ४०० रुपयांची. एका एमआयडीसीतल्या हजारो कामगारांचे हे चारशे रुपये एकत्र मोजले तर किती खुर्च्या, किती दंतवैद्य, किती संध्याकाळच्या वेळा त्यातून उभ्या राहिल्या असत्या, याचा हिशोब त्या वेळी कुणी मांडला असता तर बरं झालं असतं. योजना वाईट म्हणून ती अपुरी पडली नाही. तिचा पैसा तालुक्यातून गोळा झाला आणि तिच्या खुर्च्या शहरात राहिल्या.

आता संधी पुन्हा आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, १९४८ चा विमा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, विम्याची व्याप्ती देशभर करण्याचं सरकारने जाहीर केलं, आणि चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करायची असंही ठरलं. बारामतीत एमआयडीसीच्या परिसरातच २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गावात उपजिल्हा रुग्णालय आहे. नव्या इमारतीची वाट पाहायची गरज नाही. कामगार संघटनांनी कामगार राज्य विमा महामंडळाकडे आणि कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांकडे मिळून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: वार्षिक तपासणीच्या फॉर्मवर रक्तदाब आणि साखरेच्या शेजारी तोंडाच्या तपासणीचा रकाना हवा, बारामतीत आणि लोणी देवकरला विम्याच्या पैशातून चालणारी दाताची खुर्ची पाळी सुटल्यानंतरच्या वेळेत उघडी हवी, आणि एकवीस हजारांची मर्यादा ओलांडणाऱ्या कामगाराच्या सामूहिक पॉलिसीत दातांचे बाह्यरुग्ण उपचार हवेत. ही मागणी पुढच्या सहामाहीची कपात सुरू होण्याआधी, म्हणजे १ एप्रिल किंवा १ ऑक्टोबरच्या आत, त्यांच्या टेबलावर जायला हवी.